पोकरची विद्या खुली झाली की डाव कठीण होतात का? एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

१९७८ साली डॉयल ब्रन्सनने स्वतःच्या खर्चाने एक जाडजूड पुस्तक छापलं आणि त्याची किंमत ठेवली शंभर डॉलर. ब्रन्सन हा टेक्सासच्या गावोगावच्या आणि पुढे लास व्हेगासच्या रोखीच्या डावांवर घर चालवणारा खेळाडू. १९७६ आणि १९७७ अशी सलग दोन वर्षं त्याने वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर या लास व्हेगासच्या वार्षिक मेळ्याची मुख्य स्पर्धा जिंकली होती. पुस्तकात त्याने चिप रीस, बॉबी बाल्डविन, डेव्हिड स्क्लान्स्की, माइक कॅरो अशा मंडळींनाही घेतलं आणि प्रत्येकाने आपल्या हातखंड्याच्या प्रकारातल्या खाचाखोचा लिहिल्या. 'सुपर/सिस्टिम' या नावाने ते पुढे ओळखलं जाऊ लागलं. अनेक पक्क्या खेळाडूंना हे अजिबात रुचलं नाही. ज्या युक्त्यांवर रोजची कमाई होते, त्या चव्हाट्यावर का मांडायच्या? पुस्तकाने मिळवून दिलं त्यापेक्षा टेबलावर गमावलं जास्त, असं पुढे खुद्द ब्रन्सनही म्हणत राहिला. त्याची चाल सगळ्यांना पाठ झाली होती.

तेव्हापासून हा वाद संपलेला नाही. विद्या वाटल्याने डाव कठीण होतात, हे मला मान्य आहे. पण डाव खरोखर कधी सोपे होते आणि कधी कठीण झाले, याचा क्रम लावला तर दोष एकट्या पुस्तकांच्या माथी मारता येत नाही.

आधी पैशाचा हिशेब समजून घ्यायला हवा. पोकरमध्ये खेळाडू कॅसिनोविरुद्ध खेळत नाही, समोर बसलेल्या माणसाविरुद्ध खेळतो. कॅसिनो प्रत्येक पॉटमधून, म्हणजे डावात लागलेल्या एकूण पैशांतून, आपला कट काढून घेतो, त्याला रेक म्हणतात. म्हणजे टेबलावरचे सगळे जिंकणारे मिळून जेवढं कमावतात, ते हरणाऱ्यांच्या खिशातून रेक वजा जाता उरलेलं असतं. कोणीतरी शिकला म्हणून कॅसिनोचं काही बिघडत नाही. बिघडतं ते शेजारच्या खुर्चीवरच्या खेळाडूचं.

ब्लॅकजॅक या थेट कॅसिनोविरुद्ध खेळायच्या पत्त्यांच्या खेळाची गोष्ट याच्या उलट आहे, म्हणूनच ती इथे उपयोगी पडते. १९६२ साली एडवर्ड थॉर्प या गणिताच्या प्राध्यापकांनी 'बीट द डीलर' लिहून गेलेली पानं मोजून कॅसिनोवर मात करण्याची रीत जाहीर केली. १९६४ मध्ये लास व्हेगासच्या कॅसिनोंनी घाबरून नियम आवळले. नेहमीचे खेळाडू टेबलाकडे फिरकेनासे झाले, तेव्हा काही आठवड्यांतच ते नियम मागे घ्यावे लागले. पुढे घडलं ते कोणाच्याच अंदाजात नव्हतं. पुस्तकामुळे ब्लॅकजॅककडे माणसांची रीघ लागली. आपल्याला पानं मोजता येतील, असं प्रत्येकाला वाटत होतं, पण गोंगाटात तासन्‌तास न चुकता मोजणं फार थोड्यांना जमलं. पुस्तक विकत घेणं आणि ते टेबलावर उतरवणं यांत मोठं अंतर असतं, आणि त्या अंतरात कॅसिनोंनी भरपूर कमावलं.

आता पोकरमधली एकच चाल जवळून पाहू. ब्रन्सनचा सल्ला असा: पहिल्या फेरीत रेझ केली, म्हणजे लावलेली रक्कम वाढवली असेल, तर फ्लॉपची, म्हणजे टेबलावर सगळ्यांसाठी मांडली जाणारी, तीन पानं उघडल्यावर आपल्याला काही लागलं असो वा नसो, बहुतेक वेळा पुन्हा बेट करा. कारण साधं आहे. हातात दोन वेगवेगळी पानं असताना फ्लॉपवर तीनपैकी साधारण दोन वेळा जोडी लागतच नाही. म्हणजे समोरच्यालाही बहुतेक वेळा काही लागलेलं नसतं. समजा पॉट १०० आहे आणि आपण ५० ची बेट केली. समोरचा तीनपैकी एकदा फोल्ड झाला, म्हणजे पानं टाकून डावातून बाहेर पडला, तरी आपलं बरोबरीत सुटतं. तो शंभरपैकी साठ वेळा फोल्ड होत असेल, तर ६,००० आले. उरलेल्या चाळीस वेळा आपण सरसकट हरलो असं धरलं तरी २,००० गेले. निव्वळ ४,००० हातात. पानं कुठली आहेत, याच्याशी देणंघेणं नाही.

हीच चाल पुढे कंटिन्युएशन बेट म्हणून सगळ्यांना ठाऊक झाली. मग समोरचेही विचार करू लागले की याला तरी दरवेळी कुठून लागलेलं असणार? ते कॉल करून, म्हणजे तेवढीच रक्कम लावून, पुढच्या पानाची वाट पाहू लागले, कधी उलट रेझ करू लागले. साठऐवजी तीसच वेळा फोल्ड व्हायला लागले की तोच हिशेब ३,००० उणे ३,५०० होतो. चाल तीच, पानं तीच, पण खिशातून ५०० जातात. विद्या पसरल्याने डाव कठीण होतो म्हणजे नेमकं काय होतं, ते इथे आकड्यांत दिसतं. यात वाद घालण्यासारखं काही नाही.

वाद आहे तो वेळेचा. १९७८ च्या पुस्तकानंतर अडीच दशकं पोकरचे डाव काही आटले नाहीत, आणि २००३ नंतर तर ते कधी नव्हे इतके सोपे झाले. त्यामागे एक कॅमेरा होता. पोलंडमध्ये जन्मलेले, नाझींच्या छळछावण्यांतून वाचलेले आणि अमेरिकेत खेळण्यांच्या धंद्यात नाव कमावलेले हेन्री ओरेनस्टीन यांनी खेळाडूची झाकलेली पानं प्रेक्षकांना दाखवणाऱ्या टेबलाचं पेटंट १९९५ मध्ये मिळवलं. ब्रिटनमध्ये १९९९ पासून झाकलेल्या पानांचं दर्शन टीव्हीवर घडू लागलं, आणि २००३ पर्यंत अमेरिकेतही. माझ्या मते पोकरच्या इतिहासातला सर्वांत मोठा गौप्यस्फोट हाच. मोठे खेळाडू कुठल्या पानांवर ब्लफ मारतात, कुठली चांगली पानं गुपचूप टाकून देतात, हे कुठल्याही पुस्तकापेक्षा उघडपणे घरबसल्या दिसायला लागलं.

२००३ च्या मे महिन्यात टेनेसीचा ख्रिस मनीमेकर नावाचा हिशेबनीस ८६ डॉलरच्या ऑनलाइन पात्रता फेरीतून वर्ल्ड सिरीजच्या मुख्य स्पर्धेत आला आणि २५ लाख डॉलर घेऊन गेला. त्या वर्षी स्पर्धेत ८३९ जण होते. २००४ मध्ये २,५७६ झाले, २००५ मध्ये ५,६१९ आणि २००६ मध्ये ८,७७३. मनीमेकरच्या त्या अंतिम टेबलावर तिसरा आलेला डॅन हॅरिंग्टन, म्हणजे १९९५ चा विजेता, २००४ पासून स्पर्धेतल्या खेळावर तपशीलवार पुस्तकं लिहू लागला. २००५ पासून चांगले खेळाडू आपले ऑनलाइन डाव पडद्यावर दाखवत, प्रत्येक निर्णयामागचं कारण बोलून सांगत, वर्गणीदारांना शिकवू लागले. इतक्या मोकळेपणाने ही विद्या त्याआधी कधीच वाटली गेली नव्हती. तरीही डाव सोपेच राहिले, कारण शिकून शहाणा होणाऱ्या एकामागे नवखे कितीतरी येत होते. त्यांना खेचून आणत होती ती याच विद्येची झलक. मनीमेकरला जमलं तर मला का नाही, या विचाराने बसलेला माणूस पुस्तकाची पहिली पन्नास पानं वाचून टेबलावर यायचा.

मग ओघ तुटला. ऑक्टोबर २००६ मध्ये अमेरिकेने ऑनलाइन जुगाराचे पैसे बँकांमार्फत फिरवण्यावर बंधनं आणणारा कायदा केला. पुढच्या वर्षी मुख्य स्पर्धेचा आकडा ६,३५८ वर घसरला. १५ एप्रिल २०११ रोजी अमेरिकी सरकारने सर्वांत मोठ्या ऑनलाइन पोकर कंपन्यांवर खटले भरले आणि त्यांची संकेतस्थळं तिथल्या खेळाडूंसाठी एका दिवसात बंद झाली. नवखा सगळ्यात आधी निघून गेला, कारण त्याचं या खेळावर पोट नव्हतं. मागे उरले ते रोज खेळणारे, एव्हाना सगळं वाचून बसलेले. डाव कठीण झाल्याची ओरड खऱ्या अर्थाने या काळातली आहे. पुस्तकं तर आधीपासून होतीच.

याच सुमारास विद्येचं स्वरूपही पार बदललं. पोकरचं गणित जुनं आहे. जॉन फॉन न्यूमन यांनी १९२८ मध्ये दोन खेळाडूंच्या खेळांचा पायाभूत सिद्धांत मांडला आणि पुढे पोकरचं एक सोपं प्रारूपही सोडवून दाखवलं. पण खरा पोकर सोडवण्याची पद्धत २००७ मध्ये कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठातून आली. संगणक स्वतःशीच अगणित डाव खेळतो आणि प्रत्येक ठिकाणी दुसरा निर्णय घेतला असता तर किती बरं झालं असतं, याचा हिशेब ठेवत स्वतःला सुधारत जातो. याच विद्यापीठाच्या गटाने जानेवारी २०१५ मध्ये दोन खेळाडूंचा लिमिट होल्डेम, म्हणजे बेटची रक्कम ठरलेली असलेला पोकरचा प्रकार, सोडवल्याचं जाहीर केलं. ४,८०० प्रोसेसर सुमारे सत्तर दिवस राबले होते. एखाद्याने त्या प्रोग्रॅमशी आयुष्यभर खेळून पाहिलं तरी प्रोग्रॅमचा खेळ परिपूर्ण खेळापासून वेगळा ओळखता येणार नाही, इतका तो अचूक होता. २०१७ च्या जानेवारीत कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या 'लिब्राटस' या प्रोग्रॅमने पिट्सबर्गमध्ये चार व्यावसायिक खेळाडूंना १,२०,००० डावांत नो-लिमिट, म्हणजे बेटच्या रकमेवर मर्यादा नसलेल्या, प्रकारातही हरवलं.

२०१५ पासून हे गणित घरच्या संगणकावर चालवता येणारे सॉल्व्हर विकत मिळू लागले. इथे जुन्या वादाचा पायाच सरकला. ब्रन्सनच्या काळी गुपित एखाद्याच्या डोक्यात असायचं. सांगायचं की नाही, हे त्याच्या हातात होतं. आता कोणी तोंड उघडलं नाही तरी उत्तर मिळतं, आणि तेही कुणाचं मत म्हणून नाही, गणित म्हणून. 'शिकवू नका' हा आग्रह मी समजू शकतो, पण २०१५ नंतर त्याला फारसा अर्थ उरलेला नाही.

छोट्या रकमांच्या टेबलांवर याचा फटका जास्त बसतो, आणि त्याचं कारण पुन्हा रेकमध्ये आहे. समजा एखादा खेळाडू इतरांपेक्षा इतका सरस आहे की शंभर डावांमागे त्याला दहा बिग ब्लाइंड (पानं पाहण्याआधीच लावायची ठरलेली रक्कम) मिळावेत, आणि रेकमध्ये सहा जातात. त्याच्या हाती चार राहतात. इतर थोडे सुधारले आणि दहाचे सहा झाले, की तो टेबलावर सर्वांत चांगला असूनही त्याला काहीच उरत नाही. विद्या पसरत गेली, पण रेक त्या प्रमाणात खाली आला नाही. 'डाव आता जिंकता येत नाही' असं म्हणणाऱ्या कितीतरी जणांची खरी तक्रार ही असते.

प्रत्यक्ष टेबलांचं चित्र मात्र निराळं आहे. मुख्य स्पर्धेतल्या खेळाडूंच्या संख्येचा २००६ चा विक्रम सतरा वर्षं टिकला आणि २०२३ मध्ये १०,०४३ जणांनी तो मोडला. २०२४ मध्ये १०,११२ आले. सॉल्व्हर सर्वत्र मिळत असतानाचे हे आकडे आहेत. वाद आता खेळताखेळता मदत घेण्यावर आला आहे. २०२४ च्या अंतिम टेबलावर विजेत्याच्या पाठीराख्यांजवळ लॅपटॉप दिसला आणि बरंच वादळ उठलं. त्यानंतर आयोजकांनी उपकरणांचे नियम कडक केले.

भारतात ही सगळी विद्या टप्प्याटप्प्याने आलीच नाही. २०१० च्या आसपास गोव्यातल्या कॅसिनोंत स्पर्धा भरू लागल्या, पाठोपाठ भारतीय ऑनलाइन टेबलं सुरू झाली. तोवर ब्रन्सनपासून हॅरिंग्टनपर्यंतचं सगळं हाताशी होतं. एमआयटीने पोकरच्या सिद्धांतावरचा आपला अभ्यासक्रम फुकट खुला केला, आयआयएम कोझिकोडमध्ये पोकरच्या आधारे स्पर्धात्मक डावपेच शिकवणारा विषय सुरू झाला. मुंबई-पुण्याचा इंजिनिअर मुलगा पहिल्या वर्षातच अशा गोष्टी वाचत होता, ज्या अमेरिकेतल्या खेळाडूंनी तीस वर्षांत हार खात खात शिकल्या होत्या. त्यामुळे आपल्याकडे सोप्या डावांचा काळ मुळातच आखूड असणार होता. त्यात १ ऑक्टोबर २०२३ पासून भरलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी आला, जो आधी फक्त कंपनीच्या शुल्कावर १८ टक्के होता. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा मंजूर केला.

ऑनलाइन टेबलांवर तयार झालेल्या पक्क्या खेळाडूंना देशात कायदेशीरपणे खेळायला आता मुख्यतः गोवाच उरतो. पणजीला मांडवीत उभ्या असलेल्या जहाजांवर सुट्टीसाठी आलेला नवखा पर्यटक त्यांच्या शेजारी किती संख्येने येऊन बसतो, यावर तिथले डाव पुढची काही वर्षं किती सोपे राहतील हे ठरेल.