जॉर्जियन घरात काम काढताय? इंग्लंडमधली लिस्टेड बिल्डिंग कन्सेंट कशी घ्यायची

लंडन, बाथ, ब्रिस्टल इकडे आपल्यातले बरेच जण जुन्या जॉर्जियन (जॉर्ज राजांच्या काळातल्या) टेरेसमधे, म्हणजे एकाला एक चिकटलेल्या घरांच्या रांगेत, फ्लॅट नाहीतर अख्खं घर घेतात आणि चावी हातात आली की पहिला बेत काय तर खिडक्या बदलू, भिंत पाडून किचन मोठं करू. जरा थांबा. घर लिस्टेड असेल, म्हणजे वारसा म्हणून सरकारी यादीत असेल, तर परवानगीशिवाय (तीच लिस्टेड बिल्डिंग कन्सेंट) असं काम करणं हा इंग्लंडमधे सरळ फौजदारी गुन्हा आहे, १९९० च्या कायद्याखाली दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही, आणि दंडाला वरची मर्यादा नाहीये. भीती घालायची म्हणून नाही सांगत, पण प्रक्रिया नीट समजून घेतली तर ती वाटते तेवढी अवघड नाही आणि अर्जाला सरकारी फी सुद्धा नाही.

आधी घर लिस्टेड आहे का ते बघा. हिस्टॉरिक इंग्लंड या वारसा सांभाळणाऱ्या सरकारी संस्थेच्या साइटवर नॅशनल हेरिटेज लिस्ट, म्हणजे हीच यादी, आहे, पोस्टकोड टाकून फुकट सापडतं. ग्रेड तीन: वन, टू-स्टार आणि टू. नव्वद टक्क्यांहून जास्त इमारती ग्रेड टू मधे आहेत. १७०० ते १८५० मधली, मूळ रूप बरंचसं टिकून असलेली बहुतेक घरं लिस्ट होतात, म्हणजे जॉर्जियन घर असेल तर लिस्टेड असणार असंच धरून चाला.

इथे एक मोठा गैरसमज आहे, की ग्रेड टू म्हणजे फक्त समोरचा दर्शनी भाग सांभाळायचा, आतून काहीही करा. तसं अजिबात नाही. कुठलाही ग्रेड असो, आतलं-बाहेरचं सगळं आलं, जिना, फायरप्लेस, छताची नक्षी, पुढचं लोखंडी रेलिंग, आणि आवारात १ जुलै १९४८ च्या आधीपासून उभं असलेलं बांधकाम सुद्धा. लिस्टमधलं वर्णन बऱ्याचदा चारच ओळींचं असतं, त्यात तुमच्या जिन्याचा उल्लेख नाही म्हणून जिना मोकळा सुटला असं समजू नका.

मग परवानगी कशाला लागते? इमारतीचं वैशिष्ट्य बदलेल अशा प्रत्येक कामाला. भिंत पाडणं, दार हलवणं, लाकडी पट्ट्यांवरचं जुनं प्लास्टर काढणं, बाहेरच्या उघड्या विटांना रंग देणं. त्याच सामानाने, त्याच पद्धतीने केलेल्या छोट्या दुरुस्तीला सहसा लागत नाही, पण "त्याच" हा शब्द मनावर घ्या, विटांमधल्या चुन्याच्या सांध्यांत सिमेंट भरलं तर ती दुरुस्ती नाही, नुकसान आहे, कारण चुना ओल बाहेर जाऊ देतो आणि सिमेंट ती विटेतच अडकवून ठेवतं.

सगळ्यात जास्त वाद खिडक्यांवरून होतात. जॉर्जियन सॅश खिडकी, म्हणजे वर-खाली सरकणारी, एकदा जवळ जाऊन बघाच. वरच्या आणि खालच्या पल्ल्यात बहुतेकदा सहा-सहा छोट्या काचा, मधल्या लाकडी पट्ट्या बोटापेक्षाही बारीक, आणि जुनी काच शिल्लक असेल तर समोरच्या घराचं प्रतिबिंब तिच्यात किंचित लाटांसारखं हलतं. लंडनमधे खिडकीची चौकट भिंतीच्या बाहेरच्या रेषेपासून आत ढकललेली दिसते ती आगीच्या भीतीने केलेल्या कायद्यांमुळे, १७७४ च्या बिल्डिंग ॲक्टने तर चौकटीची पेटीच विटांच्या मागे लपवायला लावली. पहिल्या मजल्याच्या खिडक्या सगळ्यात उंच कारण बसायच्या-मिरवायच्या खोल्या तिथे, वर वर जाल तशा त्या बुटक्या होत जातात. हे सगळं प्रमाण म्हणजेच ते घर! नेहमीची जाड डबल ग्लेझिंग (दुहेरी काच) बसवायची तर पट्ट्या जाड कराव्या लागतात आणि अर्ज तिथेच अडकतो. आतल्या बाजूने सेकंडरी ग्लेझिंग, म्हणजे जुनी खिडकी तशीच ठेवून आत वेगळी काच, हा मार्ग बऱ्याच ठिकाणी मान्य होतो, थंडीही अडते.

अर्ज कोण करू शकतं: कोणीही, मालकच पाहिजे असं नाही. पण मालकीचं सर्टिफिकेट जोडावं लागतं. एकटेच मालक असाल तर ए, बाकी मालक असतील तर त्यांना नोटीस देऊन बी. ज्याच्या लीजची सात वर्षं किंवा जास्त उरली आहेत तो पण इथे मालक धरला जातो, म्हणजे फ्लॅटवाल्यांनी शेजारचे लीजधारक विसरू नका. फ्रीहोल्डरची (लीज देणाऱ्या मूळ मालकाची) लीजप्रमाणे लागणारी परवानगी वेगळी.

अर्ज स्थानिक कौन्सिलकडे जातो, प्लॅनिंग पोर्टल या वेबसाइटवरून ऑनलाइन. जोडायचं काय तर लाल रेषेने हद्द दाखवलेला लोकेशन प्लॅन, १:१२५० चा चालतो, मग आत्ताचे आणि प्रस्तावित नकाशे १:५० किंवा १:१०० मधे, खिडकी-दाराचे मोठ्या स्केलचे तपशील, फोटो, डिझाइन अँड ॲक्सेस स्टेटमेंट (रचना आणि ये-जा यांचा खुलासा) आणि हेरिटेज स्टेटमेंट. माझ्या मते सगळा अर्ज या शेवटच्या कागदावर उभा असतो. घरात मौल्यवान काय आहे, कुठला भाग मूळ आणि कुठला नंतरचा, तुमच्या कामाने कशाला धक्का लागतो आणि तो का टाळता येत नाही, हे त्यात लिहायचं. लोक आधी डिझाइन करतात आणि मग स्टेटमेंट चिकटवतात, ते लगेच कळतं. उलट करा, आधी घर समजून घ्या, कदाचित तुम्हाला पाडायची ती भिंत १९६० ची पार्टिशन निघेल आणि काम सोपं होईल. मोठं काम असेल तर अर्जाआधी कौन्सिलच्या कॉन्झर्वेशन ऑफिसरचा, म्हणजे जुन्या इमारती बघणाऱ्या अधिकाऱ्याचा, सल्ला घ्या, त्याला पैसे पडतात पण वाचतात जास्त.

निर्णयाची मुदत ८ आठवडे. ग्रेड वन आणि टू-स्टार असेल तर हिस्टॉरिक इंग्लंडला विचारलं जातं, आणि पाडकाम असेल तर १९३७ पासून जॉर्जियन इमारतींसाठी झटणाऱ्या जॉर्जियन ग्रुपसारख्या संस्थांनाही कळवतात. नकार आला तर सहा महिन्यांत अपील. बाथच्या रॉयल क्रेसेंटमधे, म्हणजे ग्रेड वन मधे, १९७० च्या दशकात २२ नंबरचं दार पिवळं रंगवल्यावरून कौन्सिलशी भांडण लागलं, ते थेट मंत्र्यापर्यंत गेलं आणि दार पिवळंच राहिलं.

आणखी एक, प्लॅनिंग परमिशन (नवं बांधकाम किंवा वापर बदलायची परवानगी) ही वेगळी गोष्ट. डॉ. आंबेडकर १९२१-२२ मधे राहिले ते लंडनच्या किंग हेन्रीज रोडवरचं घर महाराष्ट्र सरकारने २०१५ मधे घेतलं, ते जॉर्जियन नाही, नंतरचं आहे, आणि तिथला प्रश्न वापराचा होता: राहत्या घराचं म्युझियम करायला कॅमडेन कौन्सिलने नकार दिला, शेवटी २०२० मधे मंत्र्याकडून मंजुरी मिळाली. लिस्टेड कन्सेंट वापराबद्दल नसते, घराच्या प्रत्यक्ष बांधकामाबद्दल असते. काही कामांना दोन्ही लागतात, शिवाय बिल्डिंग रेग्युलेशन्स आणि सामाईक भिंतीसाठी १९९६ चा पार्टी वॉल ॲक्ट. स्कॉटलंड आणि वेल्सचे नियम वेगळे आहेत, एडिनबराच्या न्यू टाउनमधे घर असेल तर तिकडचे बघा.

पैशाचा हिशोब करताना, मंजूर बदलांवर पूर्वी व्हॅट शून्य होता, तो ऑक्टोबर २०१२ पासून गेला, आता पूर्ण २० टक्के धरा.

मंजुरी तीन वर्षं टिकते, तेवढ्यात काम सुरू करायचं. अटी नीट वाचा, बऱ्याचदा विटेचा किंवा चुन्याचा नमुना आधी दाखवून पास करून घ्यावा लागतो. आणि घर विकत घ्यायच्या आधीच सॉलिसिटरला विचारायला लावा की आधीच्या मालकाने केलेल्या कामांची कन्सेंट कुठे आहे, कारण या कारवाईला कालमर्यादा नाही, वीस वर्षांपूर्वी कोणी चोरून बसवलेल्या प्लास्टिकच्या खिडक्या काढायची नोटीस आजच्या मालकाच्या हातात पडू शकते.