एक्झॉस्ट बसवूनही वर्ग कोंदट का वाटतो?

"एक्झॉस्ट लावलाय तरी वर्गात कोंदटच वाटतं, फॅन बदलून द्या," असे फोन आम्हाला दरवर्षी पाऊस लागला, खिडक्या बंद झाल्या की सुरू होतात. माणूस पाठवला की बहुतेक ठिकाणी फॅन एकदम ठणठणीत निघतो आणि समोरच्या भिंतीतली, हवा आत यायची जाळी बंद केलेली असते. कुठे कबुतरं येतात म्हणून पेपर कोंबलेले, तर मागच्या महिन्यात एका शाळेत प्रोजेक्टरवर उजेड येतो म्हणून स्नेहसंमेलनाचा जुना फ्लेक्स चारी बाजूंनी खिळे मारून ताणून बसवला होता. फ्लेक्स काढला आणि पाच मिनिटांत मागच्या बाकावरची मुलंच म्हणाली की आता वारं लागतंय.

फॅन जेवढी हवा बाहेर टाकतो तेवढी आत यायला वाट लागते, वाटच नसेल तर तो नुसता गरगरतो, बिल येतं पण हवा जागची हलत नाही. घरच्या घरी तपासायचं तर फॅन चालू ठेवून दार लोटा, दार उघडताना ओढ लागली किंवा फटीतून शिट्टीसारखा आवाज आला तर वाट बंद आहे असं समजा. जाळीपाशी अगरबत्ती धरा, धूर सरळ आत ओढला गेला पाहिजे. १२ इंची फॅनला आम्ही निदान दोन चौरस फूट मोकळी जाळी धरतो, मच्छरजाळी बारीक असेल तर त्याहून जास्त, आणि ती जाळी महिन्यातून एकदा ब्रशने झाडायची, खडूच्या धुळीने ती गच्च होते.

अजून एक, फॅनला लागूनच असलेली खिडकी उघडी ठेवू नका. ऐकायला उलटं वाटतं पण मग हवा त्याच खिडकीतून येते आणि लगेच फॅनमधून जाते, बाकी वर्ग तसाच राहतो. फॅनकडची बंद, समोरची उघडी.

एसीवाल्या क्लासच्या सरांसाठी खास सांगतो. स्प्लिट एसी आतलीच हवा गार करून परत सोडतो, बाहेरची आणत नाही. २० बाय २५ ची खोली, १० फूट उंची, ५० मुलं, सगळं बंद. एक मूल शांत बसलं तरी तासाला साधारण १५ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतं. बाहेर ही पातळी ४२० पीपीएमच्या (म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ४२० भाग) आसपास असते आणि वर्गात १००० च्या आत ठेवावी असं धरतात, तर या खोलीत दहा मिनिटांच्या आत १००० ओलांडतात आणि ३५ मिनिटांचा तास संपेपर्यंत ३००० च्या वर जातात. डोकं जड होणं, जांभया येणं, लक्ष न लागणं हे बऱ्याचदा अशा कोंदट हवेतूनच येतं, आणि एकाला खोकला झाला की आठवड्यात बाकीच्यांना होतो तोही बराचसा याच हवेतून पसरतो. एअर प्युरिफायरने धूळ कमी होते, कार्बन डायऑक्साइड नाही. मीटर घ्यायचं असेल तर एनडीआयआर सेन्सरचंच (इन्फ्रारेड किरणांनी कार्बन डायऑक्साइड थेट मोजणारं) घ्या, स्वस्तातली बरीच मीटरं नुसता अंदाज दाखवतात.

आमचा रेट जास्त का असं विचारतात. नुसता फॅन भिंतीत बसवून देणारे स्वस्तात देतात हे खरंय, पण आम्ही खोली बघितल्याशिवाय कोटेशन देतच नाही आणि फॅन व जाळी जोडीनेच देतो, रस्त्याकडची भिंत असेल तर जाळी मैदानाच्या बाजूला काढतो म्हणजे गाड्यांचा धूर आत येत नाही. कबुतरांसाठी जाड वेल्डमेश (वेल्डिंग केलेली तारेची जाळी) आणि उजेडासाठी तिरप्या पट्ट्यांचं लूव्हर आमच्याकडे आहे, दोन्हीतून हवा येते, तेव्हा फ्लेक्स लावायच्या आधी आम्हाला विचारा. वॉरंटीत फॅन बिघडला तर व्हिजिट फ्री आहे, पण जाळी बंद सापडली तर व्हिजिटचे पैसे लागतात, कारण त्या दिवशी दुसऱ्या एका शाळेचं काम मागे पडलेलं असतं.

तक्रारीसाठी फोन करायच्या आधी समोरासमोरच्या दोन्ही भिंतींचे फोटो, खोलीचं माप आणि पटावरची मुलं किती एवढं व्हॉट्सॲपवर पाठवा, अर्धी कामं आम्ही फोनवरच सोडवतो. नवीन काम करायचं असेल तर मार्चमध्येच सांगा, भिंत फोडायला मे महिन्याची सुट्टीच बरी पडते आणि तेव्हाच्या तारखा लवकर भरतात.