बोर्डाला वीज देण्यापूर्वी

मुंबईत मायक्रोकंट्रोलरचा, म्हणजे प्रोग्राम भरून चालवता येणाऱ्या छोट्या संगणक-चिपचा, पहिला बोर्ड घ्यायचा म्हटले की पावले ग्रँट रोड स्थानकाजवळच्या लॅमिंग्टन रोडकडे, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गाकडे वळतात. बोर्ड, ब्रेडबोर्ड (डाग न देता तारा खोचून जोडण्याची पट्टी) आणि मूठभर जंपर वायर घेऊन घरी परतणाऱ्या नवशिक्याने त्याच फेरीत विद्युतदाब, प्रवाह आणि रोध मोजणारा एक साधा मल्टीमीटरही घ्यावा, असा माझा आग्रह आहे. प्रोग्राममधील चूक पुन्हा लिहून सुधारता येते; चुकीच्या जागी लागलेली तार मात्र चिप कायमची निकामी करू शकते आणि ती चूक वीज देण्यापूर्वी पकडायला मल्टीमीटरच उपयोगी पडतो.

चिपची पिन ही संदेश देण्याघेण्याची जागा आहे, वीजपुरवठ्याची नव्हे, हे सर्वांत आधी मनात पक्के व्हायला हवे. आर्डुइनो उनो या नवशिक्यांच्या लोकप्रिय बोर्डावरील एटीमेगा३२८पी या चिपच्या एका पिनची कमाल मर्यादा ४० मिलिअँपिअर आहे आणि संपूर्ण चिपची २०० मिलिअँपिअर. ही वापरण्याची मर्यादा नसून, जी ओलांडल्यास चिपला कायमची इजा होऊ शकते अशी सीमारेषा आहे. म्हणून एका पिनमधून २० मिलिअँपिअरच्या आतच प्रवाह घ्यावा. या बोर्डाच्या पिनवरील ५ व्होल्टपैकी लाल एलईडी सुमारे २ व्होल्ट स्वतःकडे ठेवतो, उरलेले ३ व्होल्ट २२० ओहमच्या रेझिस्टरवर, म्हणजे प्रवाह आवरणाऱ्या रोधकावर, पडतात आणि प्रवाह साधारण १४ मिलिअँपिअर होतो. रेझिस्टर गाळला, तर प्रवाह आवरण्याचे काम चिपच्या आतल्या नाजूक ट्रान्झिस्टरवर येऊन पडते. लहान मोटार सुरू होताना काहीशे मिलिअँपिअर ओढू शकते, त्यामुळे ती थेट पिनला कधीच जोडू नये. मध्ये प्रवाह चालू-बंद करणारा ट्रान्झिस्टर असावा आणि मोटारीला समांतर उलटा डायोड (प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) असावा, कारण प्रवाह तुटताच तिची गुंडाळी उलट दिशेने मोठा विद्युतदाब निर्माण करते.

दुसरा घोळ ५ व्होल्ट आणि ३.३ व्होल्ट यांतला आहे. ईएसपी३२ किंवा रास्पबेरी पाय पिको या बोर्डांच्या पिना ३.३ व्होल्टच्या आहेत, तर अंतर मोजणारा लोकप्रिय एचसी-एसआर०४ सेन्सर ५ व्होल्टवर चालतो आणि उत्तरही ५ व्होल्टमध्येच देतो. त्याची उत्तर देणारी एको पिन आणि बोर्डाची पिन यांच्यामध्ये १ किलोओहम, आणि बोर्डाच्या त्या पिनपासून ग्राउंडपर्यंत (शून्य व्होल्टच्या सामाईक जोडणीपर्यंत) २ किलोओहम, असे दोन रेझिस्टर लावले की पिनवर सुमारे ३.३ व्होल्टच पोहोचतात. दोन रुपयांच्या या जोडणीचा कंटाळा करू नये.

स्थिर विजेचे भय मुंबईत ऋतूप्रमाणे बदलते. पावसाळ्याच्या दमट हवेत ती फारशी साठत नाही, परंतु वातानुकूलित खोलीत किंवा हिवाळ्यातील कोरड्या दिवशी सिंथेटिक कपड्यांवर ती सहज जमते. बोटाला झटका जाणवण्यास काही हजार व्होल्ट लागतात आणि चिपला त्याहून कमी दाबही घातक ठरू शकतो. बोर्ड नेहमी कडेने धरावा. दोन पिनांच्या चार्जरवर चालणाऱ्या लॅपटॉपच्या धातूच्या कडेला हात लावल्यावर कधीकधी झिणझिण्या येतात. चार्जरमधील कपॅसिटरमधून (विद्युतभार साठवणाऱ्या भागातून) झिरपणारा हा अल्प प्रवाह असतो. अशा लॅपटॉपला जोडलेल्या बोर्डावर स्वतंत्र वीजपुरवठा असलेले दुसरे उपकरण जोडायचे असेल, तर दोन्हींचे ग्राउंड सर्वांत आधी जोडावे, म्हणजे तो प्रवाह संदेशाच्या पिनमधून वाट शोधणार नाही.

तारा लावून झाल्या की यूएसबी केबल लगेच खुपसू नये. मल्टीमीटर जोडणी सापडताच वाजणाऱ्या स्थितीत ठेवून ५ व्होल्ट आणि ग्राउंड यांच्यामधला रोध तपासावा. मीटर क्षणभर वाजून थांबला तर तो कपॅसिटर भरण्याचा परिणाम असतो. वाजतच राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे, म्हणजे त्या दोन बाजू थेट एकमेकींना भिडल्या आहेत. बोर्ड लाकडावर किंवा पुठ्ठ्यावर ठेवावा. ज्या चंदेरी अँटिस्टॅटिक पिशवीतून तो आला, तिच्यावर ठेवून त्याला वीज देऊ नये, कारण तिच्यात धातूचा थर असतो.

एक गोष्ट अनुभवी माणसेही विसरतात. कालचा प्रोग्राम चिपमध्ये जसाच्या तसा राहतो आणि वीज मिळताच धावू लागतो. काल जी पिन एलईडी पेटवण्यासाठी आउटपुट होती, तिथे आज सेन्सरची आउटपुट तार लावली, तर एक बाजू ५ व्होल्ट आणि दुसरी शून्य लादू पाहते आणि दोन आउटपुट एकमेकांशी झुंजतात. त्यामुळे नवी जोडणी करण्यापूर्वी बोर्डात एक रिकामा प्रोग्राम भरावा, ज्यात एकही पिन आउटपुट केलेली नाही. मग केबल काढावी, तारा बदलाव्यात, रोध मोजावा आणि त्यानंतरच पुन्हा वीज देऊन नवा प्रोग्राम चढवावा.