मागे सरलेला गुण

शाळेच्या पुस्तकात आनुवंशिक गुणांसाठी 'प्रभावी' आणि 'अप्रभावी' हे शब्द जोडीने येतात, आणि 'अप्रभावी' वाचलं की तो गुण दुबळा असावा असंच वाटतं. आनुवंशिकतेचे नियम शोधणाऱ्या ग्रेगोर मेंडेलने निवडलेल्या मूळ शब्दाचा अर्थ आहे मागे सरणारा. संकरात दिसेनासा होणारा, पण पुढच्या पिढीत जसाच्या तसा परतणारा. मला हा अर्थ फार मोलाचा वाटतो.

असं परतणं आधीही लोकांच्या नजरेस आलं होतं. इंग्लंडमध्ये जॉन गॉसने १८२४ साली वाटाण्याच्या रंगाबद्दल असं निरीक्षण छापलं, पण दाणे मोजले नाहीत. मेंडेलने मोजले. १८५६ ते १८६३ या काळात, आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या ब्रनो इथल्या मठाच्या बागेत. गोल आणि सुरकुतलेल्या वाटाण्याचा संकर केला, तर सगळे दाणे गोल. ते पेरून आलेल्या २५३ रोपांवर ७,३२४ दाणे धरले: ५,४७४ गोल, १,८५० सुरकुतलेले. जवळपास तिनास एक.

हे प्रमाण सगळ्यांना पाठ असतं. खरी कमाल त्यापुढची आहे. मेंडेलने त्यातल्या गोल दाण्यांपासून ५६५ रोपं वाढवली. १९३ रोपांनी फक्त गोल दाणे दिले, ३७२ रोपांनी दोन्ही प्रकारचे. म्हणजे सारख्याच दिसणाऱ्या गोल दाण्यांपैकी सुमारे दोनतृतीयांश दाण्यांच्या पोटात सुरकुती लपलेली होती.

या प्रयोगांवरचा मेंडेलचा १८६६ साली छापलेला निबंध १९००पर्यंत जवळजवळ दुर्लक्षित राहिला. १९०२मध्ये इंग्रज डॉक्टर आर्चिबाल्ड गॅरडने अल्काप्टोन्युरिया या आजारात हाच नमुना दाखवला. यात लघवी हवेत राहिली की काळी पडते. आईवडील निरोगी, पण बऱ्याचदा एकमेकांची चुलत-मावस भावंडं. दोघांकडून एकेक लपलेलं जनुक आलं की मूल आजारी.

मग एक गैरसमज पुढे आला: प्रभावी गुण हळूहळू सगळीकडे पसरायला हवा, आखूड बोटं प्रभावी असतील तर ती बहुतेकांना का नाहीत? १९०८मध्ये गणितज्ञ हार्डी आणि जर्मन डॉक्टर वाइनबर्ग यांनी स्वतंत्रपणे दाखवलं की निवड किंवा स्थलांतरासारखं बाहेरचं कारण नसेल, तर मोठ्या लोकसंख्येत जनुकांचं प्रमाण पिढ्यानपिढ्या तेच राहतं. प्रभावी असणं आणि संख्येने जास्त असणं यांचा संबंध नाही.

सुरकुतीचं कारण कळायला १९९० उजाडलं. स्टार्चच्या रेणूला फांद्या फोडणाऱ्या विकराचं (एन्झाइमचं) जनुक त्या वाटाण्यात बिघडलेलं असतं. स्टार्च कमी, साखर जास्त. म्हणून दाणा पाणी जास्त धरतो आणि वाळताना आकसतो. जनुकाच्या दोन प्रतींपैकी चांगली प्रत एक असली तरी दाणा गोल राहण्यापुरतं काम भागतं. मात्र अशा संकरित दाण्याचे स्टार्चचे कण सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले, तर ते शुद्ध गोल दाण्यातल्या कणांसारखे नसतात. त्यांची घडण दोन्ही प्रकारांच्या मधली असते.