पशुवाहक वाहनांची वायुगतिकीय रचना

गुरे, शेळ्या-मेंढ्या व कोंबड्या वाहून नेणाऱ्या गाडीची केबिन, हौदा, छत आणि झरोके अशा रीतीने घडवणे, की धावताना हवेचा रोध कमी व्हावा आणि आतल्या जिवांना पुरेशी ताजी हवाही मिळावी. साखरेच्या ट्रकला यातली पहिली अट पुरते. पशुवाहकाला दोन्ही पाळाव्या लागतात, आणि त्या बऱ्याचदा एकमेकींच्या आड येतात.

सातारा व सांगली जिल्ह्यांत अशी वाहतूक बारमाही चालते. खरसुंडी, म्हसवड, पुसेगाव येथील यात्रांतले खिलार बैल, आटपाडीच्या बाजारातल्या शेळ्या-मेंढ्या, जत भागातली माडग्याळ मेंढी, विट्याच्या परिसरातल्या कोंबड्या हा सारा पसारा मुख्यतः पिकअप, टेम्पो आणि आयशरमधून हलतो. हौद्यावर लोखंडी पाइपांचा सांगाडा, वर ताडपत्री, मागे फाळका ही नेहमीची बांधणी. हौदा केबिनपेक्षा उंच, समोरच्या कडा काटकोनी आणि ताडपत्री सैल असल्याने गाडी हवेला सरळ छाती देऊनच धावते.

हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि त्यावर मात करण्यास लागणारी शक्ती घनाच्या. ताशी ६० किमीवरून ८० वर गेल्यास रोध सुमारे १.८ पट, तर शक्ती सुमारे २.४ पट होते. त्यामुळे पुणे–बेंगळुरू महामार्गावर डिझेलचा फरक जाणवतो. केबिनच्या टपावर उताराचा पत्रा बसवणे, हौद्याच्या पुढच्या कडा गोलाकार करणे, केबिन व हौदा यांमधली फट झाकणे आणि ताडपत्री ताणून बांधणे हे त्यावरचे साधे उपाय होत. स्थानिक गॅरेजमध्येही ते होऊ शकतात.

आतल्या हवेचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा आहे. बाजूंना झरोके असलेल्या बंद हौद्यात वारा समोरून शिरून मागून बाहेर पडतो, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात प्रवाह बहुधा उलटा असतो. हौद्याच्या पुढच्या कडांवरून हवा उसळून अलग होते, त्यामुळे कडांमागे लगेच बाजूंवर आणि छतावर दाब घटतो. मागच्या भागात तो पुन्हा सावरतो. परिणामी हवा मागच्या झरोक्यांतून आत येते, जनावरांमधून पुढे सरकते आणि पुढच्या झरोक्यांतून ओढली जाते. ब्रिटनमध्ये १९९० च्या दशकात कोंबड्यांच्या ट्रकांवर केलेल्या मोजमापांत हेच आढळले, आणि पडदे बंद असताना सर्वाधिक उष्मा पुढच्या भागात साचलेला दिसला. मोठी गाय स्वस्थ उभी असतानाही साधारण एक किलोवॅट उष्णता सोडते; सहा गुरांची गाडी म्हणजे आत सहा किलोवॅटची शेगडी. १९७८ च्या प्राणी वाहतूक नियमांनी एका गाडीत सहापेक्षा जास्त गुरे नेण्यास मनाई केली असून, गुरांची तोंडे शक्यतो इंजिनाकडे असावीत असेही म्हटले आहे. गुरे बिथरू नयेत म्हणून हे योग्यच आहे. मात्र हौदा बंद असेल, तर नेमकी नाकापाशीच वापरलेली, दमट, अमोनियायुक्त हवा येते.

म्हणून पुढच्या भागातले वरचे झरोके बुजवणे ही सर्वांत घातक ‘सुधारणा’ होय. आतली हवा बाहेर पडण्याची वाट तीच असते. टपावर पत्रा बसवला, की समोरच्या जाळीतून येणारा वारा अडतो. तेव्हा बाजूंचे झरोके तितकेच वाढवले पाहिजेत. ते जनावरांच्या अंगाने झाकले जाणार नाहीत अशा उंचीवर असावेत. फाळक्यामागे मात्र कमी दाबाचा भोवरा असतो. तो धूळ आणि धूर उचलतो, त्यामुळे केवळ मागची बाजू उघडी ठेवून भागत नाही.

वेग घटला, की त्याच प्रमाणात हवेची ही अदलाबदलही घटते. खंबाटकी किंवा कुंभार्ली घाटात ताशी २० किमीने चढताना ती ६० च्या तुलनेत तिसऱ्या हिश्शावर येते, आणि आनेवाडी वा तासवडेच्या टोलनाक्यावर गाडी थांबली की जवळपास संपते. या प्रदेशात चढ, थांबे आणि उन्हाळा जास्त. त्यामुळे येथे झरोक्यांना पहिला मान आणि डिझेलच्या बचतीला दुसरा, हाच क्रम न्याय्य ठरतो. थांब्यांसाठी बॅटरीवर चालणारे पंखे आणि छताला पांढरा रंग उपयोगी पडतात. ढालगाव–जतच्या पवनचक्क्यांच्या पट्ट्यात आडवा वारा असेल, तर हवा वाऱ्याकडच्या बाजूने शिरून दुसरीकडून निघते. एका बाजूची ताडपत्री खाली सोडून झाकलेली असेल तर हा प्रवाहही खुंटतो.

केंद्रीय मोटार वाहन नियमांतील २०१५ च्या दुरुस्तीने पशुवाहक गाड्यांत कायमचे कप्पे सक्तीचे केले. त्यात गाय-म्हशीसाठी २ चौ. मी., तर शेळी-मेंढीसाठी ०.३ चौ. मी. जागा ठरवली आहे. हे आडपडदे भरीव पत्र्याचे केले, तर मागून पुढे जाणारी हवा प्रत्येक कप्प्यापाशी अडते. पाइपांचे किंवा जाळीचे केले, तर वाहती राहते. कोंबड्यांना घामाच्या ग्रंथी नसतात, मुख्यतः धापा टाकून त्या अंग निववतात. म्हणून त्यांचे क्रेट एकमेकांना चिकटवून न रचता ओळींमध्ये फट सोडावी लागते.