लेसोथो : भूरचना व हवामान

लेसोथो हा दक्षिण आफ्रिका प्रजासत्ताकाने चोहोबाजूंनी वेढलेला, ३०,३५५ चौ. किमी. क्षेत्रफळाचा डोंगराळ देश आहे. ज्याची सगळीच भूमी समुद्रसपाटीपासून १,००० मी.पेक्षा उंच आहे, असा जगात हा एकच स्वतंत्र देश असून त्याचे सर्वांत सखल ठिकाणही सु. १,४०० मी. उंचीवर आहे. थबाना न्त्लेन्याना (३,४८२ मी.) हे येथील सर्वोच्च शिखर होय.

पूर्वेकडील ड्रेकन्सबर्ग व मध्यातील मालोती पर्वत बेसाल्टचे असून, सु. १८ कोटी वर्षांपूर्वी वालुकाश्मावर लाव्हाचे थरावर थर साचून ते घडले. आपला सह्याद्री अशाच रीतीने, पण पुष्कळ नंतर घडला. पश्चिमेकडे लाव्हाचे हे आवरण झिजून गेल्याने खालचा वालुकाश्म उघडा पडला आहे.

कृषिनियोजनासाठी देशाचे सखल पट्टा, पायथ्याच्या टेकड्या, पर्वतप्रदेश आणि सेंकू नदीचे खोरे असे चार विभाग मानतात. त्यांपैकी पर्वतप्रदेशाने निम्म्याहून अधिक भूमी व्यापली आहे, तर बहुतेक वस्ती व मक्याची शेते पश्चिमेच्या सखल पट्ट्यात आहेत. राजधानी मासेरू याच पट्ट्यात सु. १,६०० मी. उंचीवर आहे, तेव्हा ‘सखल’ हे विशेषण जपूनच घ्यावे. या पट्ट्यातील माती ठिसूळ असल्याने उन्हाळी सरींनी तिची धूप होऊन शेतांत खोल घळी पडतात. लागवडीखालील जमीन मुळातच थोडी असलेल्या या देशाचे हे मोठे दुखणे आहे.

अक्षांश उपोष्ण कटिबंधाचे असले, तरी उंचीमुळे हवामान समशीतोष्ण आहे. पाऊस मुख्यतः ऑक्टोबर ते एप्रिल या काळात, बहुधा मेघगर्जनेसह पडतो आणि गारपिटीने पिकांची नासाडी होते. हिवाळा (मे ते ऑगस्ट) कोरडा असून रात्री दहिवर पडते व उंच भागात बर्फ साचतो. म्हणून उन्हाळ्यात माथ्यावरच्या कुरणांत नेलेली मेंढरे व अंगोरा शेळ्या थंडीपूर्वी खाली आणतात. हिंदी महासागरावरून येणारी बाष्पयुक्त हवा पूर्वेच्या कड्यांवर भरपूर पाऊस देते. सेंकूचे खोरे मात्र पर्जन्यछायेत येते आणि देशातील सर्वांत मोठी नदी त्याच्या सर्वांत कोरड्या भागातून वाहते.

नदीला पाणी पुरते ते माथ्यावरील दलदलींमुळे. या दलदली पावसाचे पाणी धरून ठेवतात व कोरड्या ऋतूत ते हळूहळू सोडतात. अतिचराईने त्या तुडवल्या गेल्या, की ओढे लवकर आटतात. १९८६ च्या करारानुसार बांधलेल्या १८५ मी. उंचीच्या कात्से धरणातून हे पाणी बोगद्यांवाटे दक्षिण आफ्रिकेतील वाल नदीच्या खोऱ्यात जाते आणि त्यापोटी लेसोथोला स्वामित्वशुल्क मिळते.