तापलेल्या इंजिनावर बर्फ

एलपीजीवर चालणाऱ्या गाडीचं इंजिन तापून काटा लाल पट्ट्यात गेला, म्हणून बॉनेट उघडावं, तर रिड्युसरवर, म्हणजे टाकीतून येणाऱ्या गॅसचा दाब उतरवणाऱ्या भागावर, चक्क पांढरा बर्फ! हे पाहिल्यावर ‘गॅस फार गरम जळतो, त्यानंच इंजिन तापलं’ असं ठोकून देणाऱ्यांची पंचाईत होते. खरं तर एलपीजी आणि पेट्रोल यांच्या ज्वालांच्या तापमानात फारसा फरक नसतो. बर्फाचं कोडं सुटतं ते अप्रकट उष्म्यानं, म्हणजे द्रवाची वाफ होताना शोषल्या जाणाऱ्या उष्णतेनं, आणि मला ते भारी आवडतं.

प्रोपेन आणि ब्युटेन टाकीत द्रव राहतात ते निव्वळ दाबामुळे. नेहमीच्या हवेच्या दाबाला प्रोपेन उणे 42 अंश सेल्सिअसला उकळतो, ब्युटेन शून्याच्या किंचित खाली. रिड्युसरमध्ये दाब उतरला की द्रव उकळू लागतो आणि त्यासाठी लागणारी उष्णता मिळेल तिथून ओढून घेतो. एक किलो प्रोपेनला साधारण 350 किलोज्यूल लागतात. तासाला 6 किलो गॅस जाळायचा, तर 6 गुणिले 350 भागिले 3600, म्हणजे जवळपास 600 वॅट. एक छोटी इस्त्री सतत चालू ठेवण्याइतकी ही उष्णता! ती पुरवतं इंजिनातून रिड्युसरकडे वळवलेलं कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी.

आता कूलंट गळालं तर? रिड्युसर उंचावर बसवलेला असेल, तर हवेचा फुगा आधी तिथंच अडकतो. एक लिटर पाणी एका अंशानं थंड होताना जेवढी उष्णता देतं, तेवढीसाठी सुमारे साडेतीन हजार लिटर हवा लागेल. म्हणजे इंजिन उकळतंय आणि रिड्युसर गोठतोय, दोन्ही एकाच गळतीमुळे. न उकळलेला द्रव मग पुढे सरकतो, मिश्रण बिघडतं, गाडी गचके खाते.

म्हणून दुरुस्ती गॅसपासून नव्हे, पाण्यापासून सुरू करायची. इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावं. गरम रेडिएटरचं झाकण उघडलं की दाब सुटून पाणी क्षणात उकळून अंगावर येतं. मग गळती, थर्मोस्टॅट, पंप, पंखा तपासायचा, कूलंट भरायचं आणि हवा काढायची. (इंधनाच्या नळीला चुंबक बांधून इंजिन थंड ठेवण्याचे दावे ऐकू येतात. प्रोपेनला चुंबकाचं काही सोयरसुतक नाही.)

त्यानंतर रिड्युसरचा रबरी पडदा. तापून कडक झाला असेल, तर पडदा आणि सीलचा संच बदलावा लागतो. हे काम गॅसकिटच्या जाणकार मेकॅनिकचं. जोडांवर साबणाचं पाणी लावून गळती बघायची, काडी पेटवून कधीच नाही. हा गॅस हवेपेक्षा जड, खाली साचून राहतो.

एवढं करूनही कूलंटच्या टाकीत बुडबुडे येत असतील, तर गाडी पेट्रोलवर चालवून पाहावी. तरीही ते येत राहिले तर संशय हेड गॅस्केटवर, म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधल्या सीलवर. फक्त गॅसवर येत असतील, तर रिड्युसरच्या आतला सील फुटून एलपीजीच पाण्यात शिरत असण्याची शक्यता जास्त.